आठ माणसांचे चार कोयते

लॉग हा धडा मी आजवर किती वेळा शिकवला असेल, ते मोजायचा मला कंटाळा येतो. गणिताच्या मास्तराने असं म्हणू नये, पण म्हणतो. दरवर्षी सहामाहीच्या आसपास तो येतो. फळ्यावर तोच आलेख, हातात तोच भुसभुशीत खडू आणि घशात तीच खवखव. पोरं तेवढी बदलतात, आणि हल्ली तीही वर्गात फारशी नसतात.

आमचं कॉलेज म्हणजे शाळेलाच चिकटवलेले अकरावी-बारावीचे चार वर्ग. परभणीहून बोरीकडे जाणारी एसटी मला फाट्यावर सोडते, तिथून आत मिळेल त्या जीपने किंवा ओळखीच्या कुणाच्या मोटारसायकलवर. अकरावी सायन्सच्या पटावर साठ नावं आहेत. वर्गात सतरा-अठरा डोकी असतात. बाकीची पोरं लातूरला नाहीतर नांदेडला क्लासला राहतात. नाव आमच्याकडे, पोरगं तिकडे, आणि परीक्षेपुरती गाठभेट. हजेरीपटात मात्र ती रोज हजर असतात. हे आईबापांना ठाऊक, गावाला ठाऊक, तपासणीला येणाऱ्या साहेबालाही ठाऊक. पहिल्या वर्षी माझा हात अडला होता. पुढे सवय झाली. महिनाअखेरीला मी चहाचा कप शेजारी घेऊन बसतो आणि चाळीसेक नावांपुढे ओळीने 'ह' काढतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातला आंधळा मी की कुत्रं, हे मी स्वतःला विचारायचं सोडून दिलंय.

ज्यांना लातूर झेपत नाही ती वर्गात उरतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, आणि अकरावीचं पुस्तक उघडलं की सगळं इंग्रजीत. पहिले तीन महिने ती पुस्तकाकडे परक्या घरात आल्यासारखी बघत असतात.

दोन वर्षांपूर्वी दसरा उलटल्यावर मी लॉग काढला. घातांक आधी झाले होते. मी फळ्यावर लिहिलं, लॉग आठ, बेस दोन. आणि वर्गाकडे न बघताच विचारलं, की आठात दोन किती वेळा? प्रश्न चुकला होता तो माझा. दोनाला दोनाने गुणत गेलं तर आठ व्हायला किती दोन लागतात, असं विचारायला हवं होतं. पण दुपार होती, पंखा बंद होता, आणि इतक्या वर्षांत तोंडाला जे वळण पडलंय ते पडलंय.

खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावरून उत्तर आलं, चार. ती मुलगी एरवी बोलायची नाही. जूनपासून मी तिचा आवाज बहुधा हजेरीलाच ऐकला असेल. मी वैतागलो. दहावीला गणिताच्या पेपराला तुझ्याऐवजी कोण बसलं होतं, असं म्हणालो. हे असले टोमणे माझ्या जिभेवर तयार असतात. पोरं हसतात आणि तास पुढे सरकतो.

ती उभी राहिली. मान खाली घातली नाही. म्हणाली, "आठ माणसाचे चार कोयते होतेत सर."

वर्गात कुणी हसलं नाही. निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांना हा हिशेब पाढ्यांच्या आधीपासून येतो. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, किती कोयते देता? एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत घ्यायला कुणी राजी नसतं.

मला उदाहरण सापडलं होतं आणि मास्तराला उदाहरण सापडलं की तो राग विसरतो. म्हटलं, बरं, आठ माणसांच्या जोड्या लाव, चार झाल्या. आता त्या चारांच्या जोड्या लाव. दोन. त्या दोहोंची मिळून एक. किती वेळा जोड्या लावाव्या लागल्या? ती म्हणाली, तीनदा. हेच लॉग, मी म्हटलं. किती जोड्या झाल्या ते विचारत नाहीत, किती वेळा लावाव्या लागल्या ते विचारतात. सोळाचं? चार. बत्तीसचं? पाच. मी एकदम एक हजार चोवीसवर उडी मारली. बाकीची पोरं वहीत भागाकार मांडत होती. तिनं फळ्याकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटलं आणि दहा म्हणाली.

आणि मग तिनं विचारलं, पाच माणसं असली तर? चाराला दोनदा लावावी लागते, आठाला तीनदा, मग पाचाचं काय?

माझ्या वर्गात लॉगवर आजवर एकच प्रश्न आला होता, हे किती मार्कांला येतं. पाचाचं काय, हा खरा प्रश्न. सगळं लॉग फंक्शन त्या प्रश्नातून निघतं. मी तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, दोन आणि तीनच्या मधेच कुठंतरी असणार, पण दोनाकडं जास्त. मी फळा पुसला, अक्ष काढले, बिंदू मांडले आणि त्यांतून रेघ ओढली. पाचाच्या वर बोट ठेवून दोन पॉइंट बत्तीस दाखवलं. रेघ आधी झरझर चढते, मग इतकी हळू, की आडवी झाली असं वाटावं. माझ्या नोकरीसारखी, असं मी म्हणालो, आणि तेव्हा मात्र पोरं हसली.

तास संपता संपता ती म्हणाली, एकाचं शून्य असणार. मी विचारलं, का? "एकट्याची जोडच लागत न्हाई," ती म्हणाली.

मी टेबलावर डस्टर आपटून शाबासकी दिली. स्टाफरूममध्ये दोघा-तिघांना गाठून ऐकवलं, काय पोरगी आहे म्हणून. परतीच्या एसटीत मला जागा मिळाली नाही तरी त्याचं काही वाटलं नाही. कित्येक महिन्यांत मी स्वतःवर इतका खूश झालो नव्हतो. तिच्या डोक्यात पाच आणि एक हे जोडीविना माणूस उरणारे आकडे आले कुठून, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. याची मला आजही लाज वाटते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दुसऱ्या बाकावर ती नव्हती. चार दिवसांनी शेजारच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, परवा त्यांची टोळी निघायलीय. त्या दुपारी आमच्या शिपायाला गाडी काढायला लावून मी तिच्या वस्तीवर गेलो.

तिच्या वडिलांनी बाज टाकली, त्यावर चादर अंथरली, शेळीच्या दुधाचा चहा केला. हडकुळा, मऊ बोलणारा माणूस. आत तिची आई पडून होती. कमरेतून गेली होती, दसऱ्याच्या आधीपासून उठता येत नव्हतं. तिला माहेरी ठेवणार होते. मी तयारी करून गेलो होतो. पोरगी हुशार आहे, असं डोकं दहा वर्षांतून एकदा बघायला मिळतं, शिक्षण मोडू नका, हे सगळं मी बोललो. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "सर, आवंदा तिची आई उठत न्हाई. एकट्याला मुकादम घेत न्हाई. तुमी म्हणाल तसं करतो, पण माझ्यासंग कोण येईल ते सांगा."

मी चहा संपवला. ती दारात बसून भांडी पोत्यात भरत होती. मी उठलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, की परीक्षा कधी आहे ते फोन करून सांगा, मी येईन. लॉगच्या पुढचे धडे कोणते तेही तिनं विचारलं. मी वहीच्या पानावर लिहून दिले.

परतताना शिपाई म्हणाला, तुम्ही तरी काय करणार सर. असं कुणी म्हटलं की मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं याचा राग येतो. मग जे हातात होतं ते मी केलं. महिनाअखेरीला तिच्या नावापाशी पेन आलं तेव्हा मी थांबलो. लातूरच्या वातानुकूलित क्लासात बसलेला माझ्या वर्गात हजर, आणि कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात वाकलेली गैरहजर, हा कुठला न्याय? मी 'ह' काढला. पुढच्या महिन्यात पुन्हा. पाच महिने मी तिला हजर ठेवलं. खोट्या हजेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला वाटलं, की या वेळी आपण खोट्याकडून एक खरं काम करून घेतलं.

मधे दोनदा तिचा फोन आला, वडिलांच्या मोबाइलवरून, भर दुपारी. मागे ट्रॅक्टर सुरू असायचा. एकदा विचारलं, की उणे संख्येचं लॉग का नसतं? मी स्टाफरूमच्या मागे उभा राहून सांगत होतो, की दोनाला कितीही वेळा गुण, नाहीतर भाग, हाती उणं येतच नाही. तिकडून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. तिला पोचलं की नाही, कळलं नाही.

एप्रिलमध्ये ती आली. उंच वाटली, खरं तर वाळली होती. तळहातांची कातडी जाड होऊन चिरली होती, पेन दोन बोटांत नीट बसत नव्हतं. पेपर लिहायला तिला सगळ्यांपेक्षा वेळ लागला. पास झाली, आणि गणितात चांगली झाली. हजेरीचं काही अडलंच नाही. अडणार कसं, ती पटावर वर्षभर हजर होती. मी आतून फार सुखावलो होतो, पण हे सांगायला कुणी नव्हतं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या आठवड्यात ती एक अर्ज घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. परभणीत ऊसतोड करणाऱ्यांच्या मुलींसाठी वसतिगृह निघालं होतं. राहणं, जेवण सगळं तिथंच. तिची आई आता उठून हिंडत होती, पुढच्या हंगामाला नवरा-बायकोच जाणार होते. प्रश्न पोरीचा होता. आजी होती तोवर ती आजीजवळ राहायची, आजी आदल्या वर्षी वारली. हंगामात वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात, तिथं वयात आलेल्या मुलीला एकटीला कोण ठेवील? आईच्या माहेरापासून कॉलेज लांब. वसतिगृह मिळालं तर बारावी, नाहीतर पुन्हा आईबापांबरोबर फडावर, त्यांचा स्वयंपाक करायला आणि मोळ्या बांधायला. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, जागा मिळव, मी आडवा येत न्हाई. आमच्या घरी घेऊन यावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण दोन खोल्या, आणि त्यांतल्या एकीत अंथरुणाला खिळलेली माझी आई.

जागा थोड्या होत्या. ज्या मुलींचं शिक्षण स्थलांतरामुळे बुडालंय त्यांना आधी घेणार होते. त्यासाठी अर्जाला कॉलेजचा दाखला जोडायचा होता, की ही विद्यार्थिनी मागच्या हंगामात इतके महिने गैरहजर होती. दाखला हजेरीपटावरून द्यायचा, खाली प्राचार्यांची सही.

मी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. क्लार्कने कपाटातून हजेरीपट काढला, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि तिच्या नावाच्या ओळीवर पट्टी ठेवली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. ओळीने माझे 'ह', माझ्या अक्षरातले, एकसुद्धा खाडा नाही. क्लार्क माझ्याकडे बघून म्हणाला, ही तर रोज येत होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी खुर्ची ओढून बसलो.

प्राचार्य वाईट माणूस नाही. तोही माझ्याइतकाच थकलेला आहे. त्याने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की पटावर जे नाही ते मी लिहून देऊ शकत नाही. आणि पट चुकला असं लिहिलं, तर एका नावाचं चुकलं की चाळीस नावांचं, हे उद्या कुणीही विचारील. शिवाय ती खरंच गैरहजर होती असं ठरलं, तर तिची अकरावी कुठल्या हजेरीवर पास झाली? एकही गोष्ट खोटी नव्हती. विचार करा, असं म्हणून त्याने अर्ज माझ्या हातात ठेवला.

ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. हजेरी मी लावली, तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून लावली, आता ती आडवी आलीय. ती रडली नाही. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तिनं दोन्ही हात समोर धरून तळव्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पाच महिने मी तिथं ऊस तोडला सर. तुमच्या वहीत मी हितं बसलेली हाय. मंग तिथं कोण व्हतं?"

मी म्हटलं, काहीतरी करतो. माझ्यासारखी माणसं असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे तिला तेव्हा ठाऊक नसावं. ती बरं म्हणून गेली.

काय करायचं ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं. प्राचार्य नाही तर मी लिहायचं. हजेरी मी मांडलीय, ती खोटी आहे, असं माझ्या सहीनिशी. एका कागदाचं काम. मला त्याला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी बारावीला मॅट्रिक्स शिकवलं, आईला दवाखान्यात नेलं, दोन लग्नांना जाऊन आलो. रोज एसटीत खिडकीशी बसून मनात पत्र लिहायचो आणि फाटा आला की पुसून टाकायचो. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, पेन्शन अडकली तर, चौकशी लागली तर, पेपरात नाव आलं तर. प्रत्येक 'तर' मी नीट तपासून पाहिला. या अकरा दिवसांत ती दोनदा मला आवारात दिसली. तिनं नमस्कार केला, विचारलं काही नाही. सरांना घाई कशी करायची, असं तिला वाटलं असणार.

अकराव्या दिवशी, चौथा तास रिकामा होता तेव्हा, मी लिहायला घेतलं. लिहायला बसलो तर दहा मिनिटंही लागली नाहीत. ही विद्यार्थिनी दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत आईवडिलांच्या कामामुळे परजिल्ह्यात होती. या काळात ती ऊसतोडीचं काम करत होती. तिच्या नावापुढची हजेरी मी, वर्गशिक्षकाने, खोटी नोंदवली आहे, तिचा यात दोष नाही. खाली सही, तारीख, पदनाम. सही करताना भीती वाटली नाही, याचंच मला नवल वाटलं. इतकं सोपं होतं तर अकरा दिवस कशात गेले?

मधल्या सुट्टीत तिला बोलावून घेतलं. कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, अर्जाला जोड, उद्या मी स्वतः येतो परभणीला, तिथल्या साहेबाशी बोलतो. तिनं पिशवीतून अर्ज काढला, उलटा केला आणि मागच्या बाजूची तळची ओळ मला दाखवली. मुदत परवा संपली होती. पहिल्या दिवसापासून ती तिथं छापलेली होती, मी ती ओळ वाचलीच नव्हती.

वरातीमागून घोडं. मी कागद उचलायला हात पुढे केला, म्हटलं, आता याचा काय उपयोग, फाडून टाकतो, नसती आफत. तिनं माझ्या आधी त्यावर हात ठेवला.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "मी गेलते, ते ह्यात लिवलंय."

तिनं तो उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ऊसतोडीच्या ओळीवर थोडी थांबली. मग कागद दुमडू नये म्हणून गणिताच्या पुस्तकात सपाट ठेवला, आणि घंटा झाली तशी वर्गात जाऊन बसली.